पोथीवरचा हरताळ आणि पुडीतला हरताळ

मागच्या बैठकीत गटातल्या एकीने विचारलं, "ताई, हरताळ आणि चुना कालवून लावला की अंगावरचे केस जातात म्हणतात. खरं का?" खरं आहे. पण का जातात ते ऐका, म्हणजे लावायचा विचारच सोडून द्याल.

'सगळ्या कष्टावर हरताळ फासला' असं आपण म्हणतो. पूर्वी पोथ्या हाताने लिहीत. अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वर पुन्हा लिहीत. ते बोलणं तिथून आलं.

हरताळ हा जमिनीत सापडणारा पिवळा दगड. त्यात आर्सेनिकचे 2 आणि गंधकाचे 3 अणू असं प्रमाण असतं. त्याची तांबडी बहीण मनशीळ. तिच्यात दोन्ही सारखे. आर्सेनिक म्हणजे विष; सोमल त्याचाच.

हरताळ साध्या पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून गरीब वाटतो. ओल्या चुन्यात मात्र विरघळतो. तेव्हा आर्सेनिक आणि गंधक जोडीने ऋण भाराचे कण होतात. त्यांना थायोआर्सेनाइट म्हणतात. आपला केसही गंधकाच्या बंधांनीच घट्ट असतो. या कालवणातलं गंधक ते बंध तोडतं, केस लिबलिबीत होऊन निघतो. पूर्वी कातडी कमावताना केस असेच काढत.

पण ते कातडं मेलेलं असतं, आपली त्वचा जिवंत. चुन्याने ती भाजते, आणि भाजल्या जागेतून विरघळलेलं आर्सेनिक अंगात शिरू शकतं. आर्सेनिक बरेच दिवस पोटात जात राहिलं तर अंगावर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड होतात, कर्करोगही होतो. हरताळ चुलीत टाकला तर धुरातून सोमल निघतो.

दुकानातल्या केस काढायच्या क्रीममध्येही गंधकाचं संयुग असतं, पण आर्सेनिक नसतं. तीसुद्धा आधी थोड्या जागी लावून बघा.

तेव्हा तीन गोष्टी धरा. हरताळाची पुडी हळदीजवळ ठेवू नका, रंग फसवतो. कुणी फिरत्या वैदूने दिलेलं हरताळाचं, मनशीळेचं भस्म खाऊ नका. पोराच्या तोंडात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, पुडीसकट दवाखाना गाठा.

पोथीतली चूक हरताळाने झाकता येत होती. अंगावर केलेली चूक झाकता येत नाही.