विश्लेषण : माथेरानच्या शार्लोट तलावाची गोल फेरी कशी करायची? लाल मातीची वाट का महत्त्वाची?

मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल, चढण फारशी नाही, गाडीचा हॉर्न नाही आणि वाटेत झाडीत दडलेले एक शांत तळे. माथेरानचा शार्लोट तलाव म्हणूनच पहिल्यांदा जंगलात चालणाऱ्यांना, लहान मुलांना आणि पन्नाशी-साठीतल्या मंडळींनाही झेपतो. मात्र हे तळे केवळ फोटो काढण्याची जागा नाही. ते माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा जुना साठा आहे. त्यामुळे ही वाट कशी चालायची, याला सहलीपलीकडचाही अर्थ आहे.

तलाव नेमका कुठे आहे?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर माथेरानचे पठार आहे. ठाण्याचा तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट 1850 मध्ये इथे पोहोचला आणि त्यानंतर इथे थंड हवेचे ठिकाण वसले. नेरळहून वर येणारी छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली. पठाराच्या कडेकडेने ‘पॉइंट’ आहेत आणि मध्ये दाट झाडी. या झाडीतच, बाजारपेठेपासून रमतगमत अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर शार्लोट तलाव आहे. काठाला पिसारनाथाचे मंदिर आहे. माथेरानकरांचे हे ग्रामदैवत.

गोल फेरीचा मार्ग कोणता?

खासगी गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तिथे पार्किंग करून प्रवेश कर भरावा लागतो. पुढे बाजारपेठेपर्यंत पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकातून शटल गाडीने जाता येते. पायी जाणाऱ्यांना साधारण पाऊण तास लागतो.

खरी फेरी बाजारातून सुरू होते. आधी लॉर्ड पॉइंट आणि सेलिया पॉइंट पाहावेत, तिथून तलावावर यावे. पिसारनाथाचे दर्शन घेऊन काठावर थोडे टेकावे. मग एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट करून जंगलातल्या रस्त्याने पुन्हा बाजार गाठावा. लुईझा पॉइंटवरून हवा स्वच्छ असेल तर समोर प्रबळगड दिसतो. थांबत, खातपीत अडीच ते तीन तास हाताशी ठेवले की घाई होत नाही. वाट बहुतेक सपाट आहे. मधले चढउतार छोटे आहेत.

झाडी दाट असल्यामुळे सगळे फाटे सारखेच दिसतात. मोबाइलची रेंजही सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे निघण्यापूर्वी नकाशा डाउनलोड करून ठेवावा आणि फाट्यांवरच्या पाट्या वाचत जावे. शंका आली तर घोडेवाल्यांना विचारावे. ते रोज याच वाटांवर असतात.

वाट लाल का दिसते?

सह्याद्रीचा मूळ खडक काळा बेसॉल्ट. माथेरानच्या माथ्यावर मात्र त्यावर जांभ्याचा थर आहे. हजारो-लाखो वर्षांच्या ऊनपावसात खडकातले इतर घटक धुऊन जातात आणि लोह मागे राहते. त्या लोहाच्या ऑक्साइडमुळे माती लाल होते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरतो आणि मुरवतोही.

पाऊस आधी झाडांच्या पानांवर पडतो, मग जमिनीवरच्या पालापाचोळ्यावर. तिथे त्याचा वेग मोडतो. काही पाणी मुरते आणि उरलेले सावकाश उताराने खाली येते. तलावाच्या भोवतालचा जो भाग त्याच्याकडे उतरतो, ते त्याचे पाणलोट क्षेत्र. ते जितके झाडीने आणि पाचोळ्याने झाकलेले, तितके तलावात येणारे पाणी स्वच्छ.

पर्यटकांच्या चालण्याने काय फरक पडतो?

एकाच्या चालण्याने काहीच नाही. हजारो जण एकाच शॉर्टकटने गेले की मात्र पडतो. ठरलेली वाट शक्यतो उताराला आडवी, वळसे घेत जाते. शॉर्टकट सरळ उतारावरून खाली येतो. तिथले गवत आणि पाचोळा पायाखाली निघून जातो, माती उघडी पडते. पहिल्या मोठ्या पावसात त्या पायवाटेचा ओहोळ होतो. पाणी वेगाने धावते, सोबत माती नेते. दोन-चार पावसाळ्यांत तिथे घळ पडते आणि झाडांची मुळे उघडी पडतात.

उतार तलावाच्या बाजूचा असेल तर ही माती गाळ होऊन तळाशी बसते. गाळ जितका वाढेल, तितकी पाण्याची जागा कमी. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो तेव्हा ही घट दिसत नाही. ती एप्रिल-मेमध्ये जाणवते, जेव्हा पाऊस नसतो आणि गर्दी मात्र असते. माथेरानला नेरळच्या बाजूनेही पाणी पंपाने वर चढवले जाते. पण वर आणलेल्या प्रत्येक लिटरला वीज लागते, वरच साठलेल्या पाण्याला ती लागत नाही.

मग वाटांवर पेव्हर ब्लॉक का बसवत नाहीत?

माथेरानमध्ये हा जुना वाद आहे. धूळ, चिखल आणि मातीची धूप यांवर उपाय म्हणून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले गेले. ई-रिक्षालाही टणक रस्ता सोयीचा. दुसरीकडे, ब्लॉकवरून घोडे घसरतात, पाणी मुरत नाही आणि एकदा टणक रस्ता झाला की उद्या मोटारीही येतील, असा आक्षेप घेतला गेला.

केंद्र सरकारने 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. इथे रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारींना बंदी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षांकडे वळण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा दिली. मात्र अंतर्गत रस्ते आणि पायवाटांवर ते नकोत, असे स्पष्ट केले. म्हणजे तलावाच्या फेरीची वाट मातीचीच राहायची आहे. मातीची वाट टिकवायची तर चालणाऱ्यांनी तिच्यावरूनच चालायला हवे.

तलावात उतरता येते का?

नाही. पिण्याचे पाणी असल्यामुळे पोहणे, कपडे धुणे हे प्रकार इथे चालत नाहीत. दुसरे कारण जिवाचे आहे. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याच्या खोलीचा अंदाज येत नाही, काठ आणि तळ निसरडा असतो. इथे बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पाय ओले करण्याचाही मोह टाळलेला बरा.

कधी जावे, काय काळजी घ्यावी?

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चालण्यासाठी सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात तलाव भरून वाहतो, सगळीकडे धुके असते. पण दगडांवर शेवाळ चढते आणि दरीची कड दिसत नाही. नेरळ-माथेरान गाडीही पावसाळ्यात बंद असते. अमन लॉज-माथेरान शटल साधारणपणे सुरू असते.

• सकाळी लवकर निघावे. गर्दी कमी असते आणि नशिबाने साथ दिली तर राज्यप्राणी शेकरू फांद्यांवर दिसतो.

• अनेक पॉइंटना सगळीकडे कठडा नाही. सेल्फीसाठी कडेला जाऊ नये, मुलांचा हात सोडू नये.

• खाण्याच्या पिशव्या बॅगेतच ठेवाव्यात. माकडे हातातून हिसकावतात. त्यांना खायला घालू नये.

• चांगली पकड असलेले बूट घालावेत. लाल माती कपड्यांना लागते, पांढरे कपडे घरीच ठेवावेत.

• अंधार पडण्याच्या किमान तासभर आधी बाजारात परतावे. जंगलातल्या वाटांवर दिवे नाहीत.

• रिकामी बाटली, वेफर्सची पाकिटे सोबत परत आणावीत. तलावाच्या उतारावर टाकलेला कचरा पहिल्या पावसात तलावात पोहोचतो आणि तेच पाणी पुढे गावाच्या नळाला जाते.