दोराबजींचा जमाखर्च

१९०३च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला सरकारी साहेबाच्या भेटीला गेले. भेटीला वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि भिंतीवरच्या भूगर्भ नकाशात दुर्ग जिल्ह्यावरच्या काळ्या खुणा त्यांना दिसल्या. त्या लोखंडाच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांचे वडील जमशेटजी वारले. पोलाद, वीज, बंगळूरची विज्ञानसंस्था ही त्यांची तिन्ही स्वप्नं तोवर कागदावरच होती. ती जमिनीवर आणली थोरल्या मुलाने. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पहिलं पोलाद निघालं १९१२ साली.

१९१९मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेडूत पाहून अध्यक्ष दोराबजी चकित झाले. वर्षभरात बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. खर्चातला बराच भार दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला.

पुण्याजवळच्या मुळशीचा हिशेब मात्र वेगळा. मुंबईच्या विजेसाठी टाटांच्या कंपनीने तिथे धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळे सत्याग्रहाला उतरले. पुण्यातले सावकार भरपाई घेऊन मोकळे झाले, कुळं बुडाली. १९२४पर्यंत लढा मोडला. त्याच साली पोलाद कंपनीला पगार द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाईंचे दागिने, २४५ कॅरेटच्या ज्युबिली हिऱ्यासकट, इंपिरियल बँकेत गहाण टाकून कर्ज उभं केलं. हा माणूस कामगारांच्या पगारासाठी बायकोचा हिरा गहाण ठेवतो आणि त्याच्याच कंपनीच्या धरणात कुळाचं शेत जातं. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

१९३१मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी मार्च १९३२मध्ये जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला दिली आणि जूनमध्ये तेही गेले. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली त्याच पैशातून उभं राहिलं. आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत, त्यांत सर्वांत मोठा वाटा दोराबजींच्या ट्रस्टचा.

कतारमधल्या दोहा शहराच्या मुशैरिब भागाचा मामलाही असाच. तो भाग नव्याने उभारणारी कंपनी कतार फाउंडेशनची, म्हणजे धंद्याची मालक धर्मादाय संस्था. परदेशी मजुरांची जुनी दाट वस्ती तिथून हटवली गेली, हे खरंच. तरी तिथल्या कंपनी हाउसमध्ये तेलविहिरींवर राबलेल्या पहिल्या कामगारांची आणि बिन जल्मूद हाउसमध्ये गुलामगिरीची गोष्ट मालकाच्याच खर्चाने सांगितली जाते. मुळशीच्या कुळांसाठी असं एक दालन टाटांच्या ट्रस्टला सहज परवडेल.