ट्रिक, तुक्का आणि औटकी

लातूर-नांदेडच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, ‘शॉर्टकट ट्रिक्स’चं एखादं पुस्तक टेबलावर सापडतंच. ट्रिक पाठ झाली की गणित सुटलं, हा तिथला पहिला समज.

गाडी लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला ताशी 40 किलोमीटरनं गेली, त्याच रस्त्यानं 60 नं परत आली. सरासरी वेग? घाईतला पोरगा 50 म्हणतो. ट्रिकवाला ‘गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज’ करून 48 काढतो, आणि ते बरोबर आहे. आता प्रश्न जरा फिरवू: गाडी दोन तास 40 नं, पुढचे दोन तास 60 नं धावली. ट्रिकवाला पुन्हा 48 वरच गोल करतो. इथं उत्तर 50. अंतर सारखं आहे की वेळ, एवढंच बघायचं होतं. हळू जाताना तेवढ्याच अंतराला जास्त वेळ लागतो, हे ज्याला उमगलं तो सूत्र विसरला तरी अडत नाही.

दुसरा समज: ‘सीसॅटच्या पेपरची काळजी कशाला, आता तो पात्रतेपुरताच आहे.’ राज्यसेवा पूर्वपरीक्षेत 2023पासून तसं झालं, खरं आहे. पण 200 पैकी 66 गुण लागतातच. 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकलं की त्यातला चौथा हिस्सा वजा. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना तेवढी सूट. आता हिशोब करा. 30 बरोबर म्हणजे 75. वर तुक्का मारलेले 16 चुकले, 10 गेले. उरले 65, गडी घरी! त्या 16 प्रश्नांना हात लावला नसता तर निघाला असता. म्हणून घड्याळ लावून प्रश्न सोडून देण्याचाही सराव करावा लागतो. पोलीस शिपाई भरतीत नेमकं उलट: 100 प्रश्न, 90 मिनिटं, उणे गुण नाहीत. तिथं कोरा गोल ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

गणिताचं डोकं जन्मजात लागतं म्हणणाऱ्यांनी प्रश्नपत्रिका उघडून बघावी. अंकगणित दहावीच्या पुढं जात नाही.

राहिला मराठी माध्यमाचा न्यूनगंड. आपल्या आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकून पाठ केली होती. 14 गुणिले साडेतीन करायला त्यांना कागद लागत नव्हता. आणि 4000 चं सोयाबीन 10 टक्क्यांनी चढून 10 टक्क्यांनीच उतरलं, तर भाव पुन्हा 4000 होतो असं नांदेडच्या नव्या मोंढा बाजारातल्या मुनिमाला सांगून बघा. तो 3960 म्हणेल आणि पुढची पट्टी लिहायला घेईल.