पानावर आडवा हात

आपल्याकडच्या पंगतीत आग्रह हा पाहुणचाराचाच भाग. वाढपी जिलब्यांचे ताट घेऊन येतो, पाहुणा पानावर आडवा हात धरतो आणि तरीही बोटांच्या फटीतून एक जिलबी पानात पडतेच. लग्नघरी त्यात मौज असते. पण रोजच्या जेवणाला हाच प्रकार होऊ लागला आणि ‘नको’ म्हणण्यासाठी दर वेळी मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्याला शोधावे लागले, तर त्याला आग्रह नव्हे, जाच म्हणावे लागेल. संगणकावरच्या ब्राउझरने सध्या अशीच पंगत मांडली आहे. ताटात आहे कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय.

ब्राउझर ही इंटरनेटकडे पाहण्याची खिडकी. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, नातवंडांचे निकाल, सारे तिच्यातूनच दिसते. खिडकी स्वच्छ असावी आणि सहज उघडावी, एवढीच आपली अपेक्षा. आता खिडकीच बोलू लागली आहे. पान वाचत बसू नका, सारांश मी सांगते, असे ती म्हणते. जवळजवळ सगळ्याच ब्राउझरांत हे चालले आहे; पण सर्वांत जास्त रागावले आहेत ते फायरफॉक्सचे जुने, निष्ठावंत वापरकर्ते. त्यांचा राग समजून घ्यायचा तर थोडे मागे जायला हवे.

१९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता जगाला खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला, २००३ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. त्या काळी बाजार मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या मुठीत होता. प्रतिस्पर्धी उरला नाही की काय होते, याचा तो धडाच होता. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, सातवी थेट २००६ मध्ये! फायरफॉक्ससाठी मात्र हजारो सामान्य माणसांनी वर्गणी काढून डिसेंबर २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये दोन पानी जाहिरात दिली. १७ जून २००८ पासूनच्या चोवीस तासांत तिसऱ्या आवृत्तीच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. स्वयंसेवकांनी त्याला अनेक भाषा शिकवल्या. त्यांत आपली मराठीही आहे. वर्गणी काढून बांधलेल्या देवळाबद्दल गावाला जी आपुलकी वाटते, तीच ही. म्हणूनच तिथला एक दगड हलला, तरी गाव गोळा होते.

आणि दगड बरेच हलले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्राउझर वेगवान झाला, पण जुनी जोड-साधने एका फटक्यात निकामी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या नव्या अटी आल्या आणि ‘आम्ही तुमची माहिती कधीच विकणार नाही’ या अर्थाचे जुने वचन संकेतस्थळावरून गेले. ‘विक्री’ या शब्दाची कायदेशीर व्याख्या काही ठिकाणी फार व्यापक आहे, असा खुलासा मोझिलाने केला आणि ओरड झाल्यावर अटींची भाषाही बदलली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये नव्या मुख्याधिकाऱ्यांनी फायरफॉक्स हा आधुनिक एआय ब्राउझर होईल, असे जाहीर केले. पुन्हा गदारोळ. मग सर्व एआय सोयी एकाच ठिकाणी बंद करता येतील असा खटका देण्याचे आश्वासन मिळाले आणि २०२६ च्या प्रारंभी, १४८व्या आवृत्तीपासून, ती सोय सेटिंग्जमध्ये आली.

या साऱ्याकडे मी बँकेतल्या जुन्या माणसाच्या नजरेने पाहतो. एखाद्या कर्जदाराचे ताळेबंद समोर आले की आम्ही आधी विचारायचो, याचा पैसा येतो कुठून? मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडून येते, शोधपेटीत गूगल आधीपासून ठेवल्याबद्दल. म्हणजे सर्वांत मोठा गिऱ्हाईक तोच, आणि क्रोमच्या रूपाने सर्वांत मोठा प्रतिस्पर्धीही तोच. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात असे पैसे देण्यावरच बंदी येते की काय, अशी धास्ती होती. सप्टेंबर २०२५ च्या निकालाने ती तूर्त टळली. एके काळी जगातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास लोक फायरफॉक्स वापरत. आज तो वाटा अगदी थोडा उरला आहे. अशा प्रस्तावावर आम्ही लाल शाईने शेरा मारला असता. उत्पन्नाचे दुसरे साधन शोधण्याची मोझिलाची धडपड मला म्हणूनच कळते.

शिवाय सगळेच एआय त्याज्य आहे असेही नाही. फायरफॉक्समध्ये २०२३ पासून परभाषेतल्या पानाचे भाषांतर आपल्याच संगणकावर होते, मजकूर बाहेर जात नाही. बाजूच्या पट्टीतल्या चॅटबॉटला काही विचारले, तर मात्र आपले शब्द त्या चॅटबॉटच्या कंपनीकडे जातात. घरातल्या वाढप्याने वाढणे आणि पान उचलून शेजारच्या घरी नेणे, यांत फरक आहे.

खरा प्रश्न आहे तो संमतीचा. बँकेत खातेदाराच्या सहीशिवाय त्याच्या खात्यातून दरमहा रक्कम वळती करता येत नसे. खातेदार गप्प आहे म्हणजे त्याची हरकत नाही, असे म्हणणाऱ्या कारकुनाची साहेबांपुढे धडगत नसे. बंद करण्याचा खटका देणे हे चांगलेच. पण खटका शोधायचा कोणी? माझ्या वयाची किती माणसे सेटिंग्जच्या पानावर पाऊल टाकतात? आधी विचारा, होय म्हटले तर वाढा, ही रीत साधी आहे. मग एआयवर कोणी एवढा रागावणार नाही.

हा केवळ काही हौशी लोकांचा रुसवा नव्हे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे वेगळी असली, तरी त्यांच्या पोटातले इंजिन एकच, गूगलच्या पुढाकाराने चालणारे. अॅपलच्या सफारीचे वेगळे आणि फायरफॉक्सचे ‘गेको’ वेगळे. गेको थकले, तर संकेतस्थळे बांधणारे एकाच मापाची दारे करतील आणि त्या मापात न बसणाऱ्याला बाहेर उभे राहावे लागेल. २००१ नंतरची ती पाच वर्षे पुन्हा येऊ शकतात.

तेव्हा मोझिलाने या रागाकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे. काउंटरवर येऊन हुज्जत घालणारा खातेदार आम्हांला नकोसा वाटे, पण तो आपला असे. त्याला खाते इथेच ठेवायचे असे, म्हणून तर तो भांडे. चिंता असायची ती एक शब्दही न बोलता शिल्लक काढून घेणाऱ्याची. फायरफॉक्सचे बरेचसे लोक असे निमूटपणे निघून गेले आहेत. जे अजून भांडत आहेत, तीच आता त्याची ठेव आहे.