न पळणाऱ्या दिव्यांची झेप

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झाले की अमेरिकेतल्या उपनगरांत घरोघरी शिड्या निघतात. पन्हळीला माळा चढतात, आणि हिरवळीच्या कडेने प्लॅस्टिकच्या नळीच्या अर्धगोल कमानी एका रांगेत उभ्या राहतात. अंधार पडला की पहिल्या कमानीच्या पायाशी एक लाल ठिपका उमटतो, कमानीवरून उडी घेत पलीकडे उतरतो आणि तिथून दुसरीवर झेपावतो. वाटेत तो नारिंगी होतो, पिवळा होतो, हिरवा होतो. हौशी मंडळी या कमानींना ‘लीपिंग आर्च’ म्हणतात. गंमत अशी की त्या नळीवर काहीही पळत नसते, आणि पिवळा प्रकाश देणारा दिवाही तिथे नसतो. कमान बांधणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात : कोणता दिवा केव्हा लावायचा आणि त्याला पुरेशी वीज कशी पोहोचवायची. उरलेले काम बघणाऱ्याचे डोळे आणि मेंदू करतात.

दिवे पाळीपाळीने लावण्याची हौस विजेच्या माळांइतकीच जुनी आहे. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी डिसेंबर १८८२मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. झाड मोटरवर सावकाश फिरत होते. तांब्याच्या पट्ट्यांवरचा विजेचा संपर्क फिरता फिरता जुळत-तुटत होता, आणि दिव्यांचे रंग आळीपाळीने उजळत होते. पुढची कित्येक दशके ‘पळत्या’ दिव्यांची युक्ती हीच राहिली : फिरते काहीतरी आणि त्यावर घासणारे तांबे.

दिवे जागेवरच लागत-विझत असताना आपल्याला पळताना का दिसतात, याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी केला आणि १९१२मध्ये प्रसिद्ध केला. शेजारच्या दोन रेषा एकीमागून एक दाखवल्या आणि मधले अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे ठेवले, तर दोन वेगळ्या रेषा दिसतात. ते फारच कमी केले तर दोन्ही एकदमच दिसतात. पण ते साधारण ६० मिलिसेकंदांच्या आसपास असले, तर एकच रेषा इकडून तिकडे सरकल्यासारखी वाटते. कमानीवरची झेप म्हणजे हाच प्रयोग, फक्त दोनाऐवजी पन्नास ठिकाणी केलेला. दिवे जवळजवळ असल्याने इथे एका दिव्यावरून पुढच्यावर जायला २५ मिलिसेकंद दिले तरी चालतात. म्हणजे पन्नास दिव्यांची कमान सव्वा सेकंदात पार होते, आणि उडी उडीसारखी वाटते.

हे साधायला पूर्वी तारांचे जंजाळ लागायचे. कमानीचे सात-आठ तुकडे करायचे, प्रत्येकाभोवती वेगळी माळ गुंडाळायची आणि प्रत्येक माळेची वायर नियंत्रकापर्यंत न्यायची. ओहायो राज्यातल्या मेसन गावचे विद्युत अभियंता कार्सन विल्यम्स यांची संगीतावर नाचणारी रोषणाई २००५मध्ये इंटरनेटवरून जगभर पोहोचली. त्यांच्याकडे सुमारे १६ हजार दिवे होते, पण त्यांना हुकूम देणाऱ्या वाहिन्या होत्या ८८. म्हणजे एका हुकमाला जवळपास पावणेदोनशे दिवे बांधलेले. एकेका दिव्याला स्वतंत्र हुकूम देणे तेव्हा घरगुती खिशाबाहेरचे होते.

ते आवाक्यात आणले एका तांदळाच्या दाण्याहून लहान चिपने. ‘डब्ल्यूएस २८११’ आणि ‘डब्ल्यूएस २८१२’ या नावांच्या चिप आज बाजारात ‘पिक्सेल एलईडी’ म्हणून सर्वत्र मिळतात. प्रत्येक दिव्यापाशी अशी एक चिप असते, आणि पन्नास दिव्यांच्या माळेत वायरी तीनच : दोन विजेच्या, एक निरोपाची. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा पुढे जातो तेव्हा प्रत्येक जण वरची एक काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो. निरोपाच्या तारेवरचा कारभार तसाच चालतो. पहिली चिप पहिले २४ बिट स्वतःकडे ठेवते आणि पुढचे सगळे दुसरीकडे पाठवते. कोणाला पत्ता दिलेला नसतो. रांगेतली जागा हाच पत्ता. एका बिटला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. त्यात विजेची पातळी सुमारे ०.८ मायक्रोसेकंद वर राहिली तर तो ‘एक’, सुमारे ०.४ राहिली तर ‘शून्य’. एका दिव्याचा निरोप ३० मायक्रोसेकंदांत संपतो, पन्नास दिव्यांचा दीड मिलिसेकंदात. मग तार क्षणभर गप्प राहते. ही शांतता म्हणजेच इशारा, आणि सगळे दिवे एकदम नवा रंग धारण करतात.

या २४ बिटांपैकी आठ लाल, आठ हिरव्या आणि आठ निळ्या एलईडीसाठी. आठ बिटांत २५६ पायऱ्या बसतात, म्हणून तिन्ही मिळून १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंगछटा. पायरी बदलताना एलईडीचा प्रवाह कमी-जास्त होत नाही. एलईडी सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण लागते आणि पूर्ण विझते. किती काळ लागलेली ठेवायची एवढेच बदलते. डोळा एवढ्या वेगाला पुरा पडत नाही, त्याला सरासरी दिसते. पिवळ्याचेही तसेच. लाल आणि हिरवी एलईडी शेजारी पेटल्या की डोळ्यातल्या त्या दोन प्रकारच्या शंकूपेशी जवळपास तशाच चेतवल्या जातात जशा खऱ्या पिवळ्या प्रकाशाने चेतवल्या असत्या, आणि मेंदू ‘पिवळा’ म्हणून मोकळा होतो. या त्रिकुटात सर्वांत उशिरा आली ती निळी. निक होलोनियाक यांची लाल एलईडी १९६२ची. झगझगीत निळी मात्र १९९०च्या दशकात आली. तिच्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

कमानीचा सांगाडा सोपा आहे. जमिनीत लोखंडी सळईचे दोन तुकडे ठोकायचे आणि दहा फुटी लवचीक नळी वाकवून तिची टोके त्यांवर चढवायची. अर्धवर्तुळ नीट जमले तर दोन पायांतले अंतर सुमारे सहा फूट चार इंच आणि उंची तीन फुटांच्या थोडी वर येते. पन्नास दिवे लावले तर दर सहा सेंटिमीटरला एक बसतो.

खरी परीक्षा वीजपुरवठ्याची. पाच व्होल्टच्या माळेत तिन्ही रंग पूर्ण पेटलेला एक दिवा सुमारे ६० मिलिॲम्पियर घेतो. पन्नास दिव्यांचे झाले तीन ॲम्पियर. आता वीजपुरवठा दहा मीटर लांब गॅरेजमध्ये आहे आणि वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची आहे असे धरू. जाऊन-येऊन वीस मीटर तांब्याचा रोध भरतो सुमारे ०.७ ओहम. तीन ॲम्पियरला त्यात दोन व्होल्ट वाटेतच गळतात आणि कमानीच्या पायाशी तीनच उरतात. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास पुरतात, हिरव्या-निळ्यांना तीनच्या आसपास लागतात. त्यामुळे आधी निळा मलूल होतो, मग हिरवा, आणि पांढरी म्हणून लावलेली कमान दूरच्या टोकाला पिवळट, मग तांबूस दिसू लागते. दिवे बिघडलेले नसतात, उपाशी असतात. उपाय तीन : जाड वायर, दुसऱ्या टोकाकडूनही वीज देणे, किंवा १२ व्होल्टची माळ. बारातून दोन गळाले तरी दहा शिल्लक राहतात. मात्र जास्तीच्या व्होल्टेजचा बराचसा भाग दिव्यापाशी उष्णता होऊन वाया जातो.

पावसाळ्यात गणपती आणि त्यामागोमाग नवरात्र असल्याने आपल्याकडच्या मंडळांना आणखी एक पथ्य लागते. माळ पाच-बारा व्होल्टची असली तरी तिला पोसणारा सप्लाय २३० व्होल्टवर चालतो. तो कोरड्या, बंद डब्यात हवा, आणि त्या जोडणीवर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच.

नवशिका हमखास सगळी कमान पांढरीशुभ्र पेटवून बघतो. त्यात पंधरा वॉट जातात आणि डोळे दिपण्यापलीकडे काही घडत नाही. झेपेत मात्र एका वेळी चार-पाच दिवेच लागतात, तेही बहुधा एका रंगाचे. चिपचा स्वतःचा खर्च धरूनही प्रवाह पाव ॲम्पियरच्या आत राहतो. मागचे शेपूट मंद करायचे तर आकड्यांत निम्मे करून भागत नाही. २५५चे १२८ केले तरी डोळ्याला ते निम्म्याहून बरेच उजळ वाटते. निम्मे वाटायला पन्नाशीच्या आसपास उतरावे लागते. म्हणजे जे दृश्य डोळ्याला पटते तेच विजेलाही स्वस्त पडते. तरीही जाणते लोक वायर आणि फ्यूज निवडताना पूर्ण पांढऱ्या कमानीचाच हिशेब धरतात. निरोपाच्या तारेत बिघाड झाला की पन्नासच्या पन्नास दिवे एकदम पेटू शकतात, आणि त्या वेळी तीन ॲम्पियर खरोखरच वाहतात.