आंब्याची पेटी आणि दूरचे गिऱ्हाईक

उत्तम फळ पिकविणे जितके कष्टाचे आहे, तितकेच ते योग्य गिऱ्हाइकाच्या हाती पोचविणे कौशल्याचे आहे. हापूस आंब्याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे होय. बागायतदार रत्नागिरीस किंवा देवगडास, तर गिऱ्हाईक मुंबई-पुण्यास असते आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. फळ कापीपर्यंत त्याचा आतील गुण कळत नाही. म्हणून गिऱ्हाईक पैसे मोजते ते पेटीवरील नावावर भरवसा ठेवून. हा भरवसा हेच या व्यापाराचे खरे भांडवल आहे.

विक्रीचे दोन मार्ग

पहिला मार्ग अडत्याचा. वाशीच्या फळ बाजारात पेट्या पाठविल्या की मोठा माल एकदम खपतो. परंतु फळ अनेकांच्या हातांतून जाते आणि ते कोणाच्या बागेतील, हे खाणाऱ्यास समजत नाही. दुसरा मार्ग थेट विक्रीचा. फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास राज्य शासनाने 2016 मध्ये मोकळीक दिली. या मार्गाने दर बरा मिळतो; तथापि बांधणी, वाहतूक आणि तक्रारींचे निवारण ही कामे बागायतदारावरच पडतात. सबब प्रारंभी थोड्याच पेट्या थेट विकाव्यात व अनुभव येईल तसे प्रमाण वाढवावे.

नावाचे संरक्षण

परप्रांतातील तशाच दिसणाऱ्या फळांस कोकणच्या हापूसचे नाव देऊन विकल्याने बागायतदाराचे आणि गिऱ्हाइकाचे सारखेच नुकसान होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाचा उपयोग करू इच्छिणाऱ्या बागायतदाराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी.

पेटीवर काय लिहावे

पेटीवर बागायतदाराचे नाव, गाव, फळांची संख्या, प्रत व काढणीची तारीख स्पष्ट लिहावी. आत एक लहानशी चिठ्ठी ठेवावी. फळ किती दिवसांत पिकेल, ते पेंढ्यात व हवेशीर जागी कसे ठेवावे, आणि कच्चे फळ शीतकपाटात ठेवू नये, एवढा मजकूर तीत पुरेसा आहे. योग्य सूचना न मिळाल्यास चांगले फळही गिऱ्हाइकाच्या घरी बिघडते आणि दोष मात्र बागायतदाराच्या माथी येतो.

पेटीतील माल

लिहिलेला मजकूर मालाने खरा ठरविला पाहिजे. वरच्या थरात मोठी फळे व तळाशी बारीक फळे भरण्याची चाल घातक आहे. एका हंगामाचा लाभ होतो, पण गिऱ्हाईक कायमचे तुटते. फळे चौदा आणे तयार झाल्यावर झेल्याने देठासह उतरावीत व लगेच सावलीत आणावीत. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. भाताच्या पेंढ्यातील अढी, किंवा विहित प्रमाणात इथिलीन वायू असलेली रायपनिंग चेंबर, हेच मार्ग अवलंबावेत.

साक्याची तक्रार

हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. फळ झाडावर फार तयार होऊ न देता वेळेवर उतरविल्यास आणि उन्हात न ठेवल्यास त्याचे प्रमाण घटते, परंतु तो सर्वस्वी टाळता येत नाही. म्हणून ही गोष्ट गिऱ्हाइकास आधीच सांगावी आणि साका निघाल्यास फळ बदलून द्यावे किंवा त्याची किंमत परत करावी. चार फळांचा तोटा सोसणारा बागायतदार पुढील वर्षाची मागणी राखतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लहान बागायतदारांस एकत्र आणून एकच प्रतवारी, एकसारखी खोकी व सामायिक वाहतूक यांची व्यवस्था लावून द्यावी. गिऱ्हाइकांची नावे, मागणी व तक्रारी यांची नोंदवही प्रत्येक गटाने ठेवावी. हंगाम संपताच ती वाचून काढल्यास पुढील वर्षी कोणती चूक टाळावयाची, हे गिऱ्हाइकांच्याच शब्दांत कळून येईल.