भावी डॉक्टरच होतात 'नीट'चे शिक्षक! 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' आहे तरी काय? बांद्यातील मुलांना त्यातून काय घेता येईल?

बांदा : बारावी सायन्सला चांगले गुण, डॉक्टर व्हायची इच्छा, पण 'नीट'च्या खासगी क्लासची फी लाखाच्या घरात, वर शहरात राहण्याचा खर्च वेगळा. गावाकडच्या अनेक मुलांचं स्वप्न इथेच अडतं. यावर पुण्यातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय समजून घेऊया.

उपक्रम नेमका काय?
पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 2015 मध्ये 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' सुरू केलं. डॉ. अतुल ढाकणे त्याचे संस्थापक. एमबीबीएस करणारी मुलं स्वतःचा अभ्यास सांभाळून गरीब घरांतील मुलांना 'नीट'साठी मोफत शिकवतात. मेळघाटातील आदिवासी मुलांसाठी 'उलगुलान' नावाची बॅचही झाली. बिरसा मुंडा यांच्या लढ्याचं हे नाव.

मोठ्या क्लासपेक्षा यात वेगळं काय?
शिकवणारा नुकताच त्याच परीक्षेतून गेलेला असतो. 'नीट'मध्ये 180 प्रश्न आणि 720 गुण. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 गुण वजा. त्यातले 90 प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, जीवशास्त्राचे. कुठला धडा आधी करायचा, कुठला प्रश्न सोडायचा, हे दादा-ताई अनुभवातून सांगतात. घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होणार असेल, तर असं सांगणारं माणूस सहसा नसतं.

असं फक्त आपल्याकडेच होतं का?
नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो समाज सुमारे 19 टक्के, पण डॉक्टरांमध्ये त्यांचा वाटा 7 टक्क्यांच्या आसपास. तिथेही लॅटिनो विद्यार्थी आपल्या वस्त्यांत आरोग्य शिबिरं घेतात आणि मागून येणाऱ्या मुलांना हाताशी धरतात. रुग्णाची भाषा बोलणारा डॉक्टर तयार व्हावा, हा त्यामागचा हेतू.

बांद्याशी याचा संबंध काय?
थेट संबंध आहे. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आढळला, पुढच्या हंगामात बांदा परिसरालाही त्याचा फटका बसला. हा ताप गोचिडीतून पसरतो आणि ऐन काजूच्या दिवसांत जोर धरतो. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, ताप आला तर अंगावर काढू नका, हे मालवणीत पटवून देणारा डॉक्टर लोकांना आपला वाटतो. गंभीर आजारात मात्र आजही अनेकांना पत्रादेवी ओलांडून गोव्यात बांबोळीला जावं लागतं.

जिल्ह्यात काय बदललं?
ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं असून तिथे एमबीबीएसच्या 100 जागा आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातील काही कुटुंबं 'दत्तक' घेऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे भावी डॉक्टर गावात येणारच आहेत. त्याच फेरीत शाळा-कॉलेजात तासभर मार्गदर्शन झालं, तर पुण्यातला प्रयोग इथेही छोट्या प्रमाणात करता येईल.

नुसत्या क्लासने भागेल का?
नाही. मुलं क्लासला टिकायची तर राहण्या-जेवणाची सोय लागते. शिकवणारेही दर काही वर्षांनी डॉक्टर होऊन बाहेर पडतात, त्यामुळे नवी फळी सतत तयार ठेवावी लागते.

तुम्ही आत्ता काय कराल?
- अकरावीपासूनच एनसीईआरटीची पुस्तकं हातात घ्या. 'नीट' मराठीतूनही देता येते.
- डोमिसाईल, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर हे दाखले निकालाची वाट न पाहता काढा. चांगले गुण असूनही कागदाअभावी जागा हुकू शकते.
- गावातलं कोणी एमबीबीएस करत असेल, तर सुट्टीत आल्यावर भेटा. विचारायला फी लागत नाही.